डोंबिवलीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट नऊ महिने का अडलाय?

प्रश्न : डोंबिवली पूर्वेला टिळकनगर भागात आमचा 2 बीएचके आहे. बिल्डिंग 1996 ची, तळमजला अधिक तीन, आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. कार्पेट 560, फ्लॅट बाबांच्या नावावर. आई-बाबा माझ्याकडे पुण्याला आले आणि फ्लॅट विकायला काढला, त्याला आता नऊ महिने झाले. 72 लाख सांगतोय. पाच एजंटांकडे दिलाय. पहिल्या काही महिन्यांत तीसेक जण बघून गेले. दोनदा बोलणी झाली. एका पार्टीचं 'लोन झालं नाही', दुसरीच्या 'घरच्यांना पसंत पडलं नाही'. गेले तीन महिने फोनसुद्धा नाही. एक एजंट म्हणतो दोन लाख उतरवा, दुसरा म्हणतो किचन-बाथरूम नवं करून घ्या. नक्की चुकतंय काय?

उत्तर : दोन्ही सल्ले आत्ता बाजूला ठेवा. दोन लाख उतरवून हा फ्लॅट जाणार नाही, आणि नव्या टाइल्स लावून तर नाहीच. बावीस वर्षं मी डोंबिवली-ठाकुर्लीत रीसेलचीच कामं करतोय. अडलेला फ्लॅट आला की मी मालकाला आधी किंमत विचारत नाही. किती फोन आले, त्यातले किती बघायला आले, किती जण दुसऱ्यांदा आले आणि टोकनच्या किती जवळ जाऊन मोडलं, एवढं विचारतो. फोनच येत नसतील तर दोष किमतीत किंवा जाहिरातीत. फोन येतात पण माणूस येत नाही, तर फोनवर कळणारी एखादी गोष्ट त्याला परतवतेय. बघून जातात पण परत येत नाहीत, तर घरात किंवा बिल्डिंगमध्ये काही आहे. बोलणी होऊन मोडतात तेव्हा घर पसंत पडलेलं असतं, अडचण कागदात, बँकेत किंवा न दिसलेल्या माणसात असते.

तुमच्याकडे तीस जण जिना चढून आले, दोघं बोलणीला बसले. म्हणजे सुरुवातीला किंमत ऐकून कोणी पळालं नाही आणि घरही कोणाला ओंगळ वाटलं नाही. मोडलं ते शेवटच्या पायरीवर. नंतरचा शुकशुकाट ही वेगळी गोष्ट आहे, तिच्याकडे मागाहून येतो. आधी त्या दोन मोडलेल्या बोलण्यांकडे बघू, कारण तुमचं उत्तर तिथेच आहे.

'लोन झालं नाही' हे वाक्य मालक असं ऐकतो, जणू त्या माणसाचा पगार कमी पडला. पगार कमी पडणारा माणूस बहुतेक वेळा आधीच गळतो. आजकाल लोक बँकेत पात्रता काढूनच घर बघायला निघतात. बोलणी झाल्यावर लोन अडतं तेव्हा बँकेनं माणसाला नाही, तुमच्या फ्लॅटला नाही म्हटलेलं असतं. किंवा हो म्हटलेलं असतं, पण कमी.

हिशोब मांडून दाखवतो. बँकेचा व्हॅल्युअर येतो, माप घेतो, बिल्डिंगचं वय बघतो, आसपासचे व्यवहार बघतो आणि आकडा लिहितो. समजा त्यानं 62 लाख लिहिले. (हा आकडा माझा अंदाज आहे, खरा तुम्ही काढून घ्यायचाय.) रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जाला घराच्या मूल्याच्या 80 टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं, आणि बँका करारनाम्याची किंमत आणि व्हॅल्युएशन यांतला कमी आकडा धरतात. म्हणजे 62 चे 80 टक्के, 49 लाख 60 हजार. तुमचे 72 पुरे करायला त्या माणसाला पदरचे 22 लाख 40 हजार हवेत. आपल्याकडे स्टॅम्प ड्युटी 7 टक्के, म्हणजे 5 लाख 4 हजार. बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट. रजिस्ट्रेशनचे 30 हजार. एजंटचा एक टक्का धरला तर 72 हजार. बेरीज करा : जवळजवळ साडेअठ्ठावीस लाख रोकड, आणि या वरच्या खर्चाला बँक कर्ज देत नाही.

डोंबिवलीत भाड्यानं राहणाऱ्या, दोघं नोकरी करणाऱ्या तिशी-पस्तिशीच्या जोडप्याकडे एवढी रक्कम पडून नसते. पीएफ काढून, सोनं ठेवून, सासऱ्यांकडून घेऊन ती पंधरा-वीस लाखांपर्यंत जातात. तुमचा माणूस तिथे अडकला.

आता हाच फ्लॅट 64 ला धरा. कर्ज तेवढंच, 49 लाख 60 हजार. पदरचे 14 लाख 40 हजार, ड्युटी 4 लाख 48 हजार, रजिस्ट्रेशन आणि दलाली मिळून 94 हजार. एकूण वीस लाखांना थोडे कमी. व्हॅल्युएशनच्या वर तुम्ही मागितलेला प्रत्येक रुपया गिऱ्हाइकाला हप्त्यात देता येत नाही, रोख द्यावा लागतो. म्हणून दोन लाख उतरवणं निरर्थक आहे : 72 चे 70 केलेत तरी त्याला सव्वीस लाखांच्या वर रोकड लागते, तो तिथेच अडकतो.

यात बिल्डिंगच्या वयाचा भाग मोठा आहे. 1996 ची इमारत आता तिशी गाठतेय. व्हॅल्युअर तिचं उरलेलं आयुष्य लिहितो आणि बँक कर्जाची मुदत त्याच्या आत बसवते. किती आत, ते बँकेबँकेवर आहे. वीसऐवजी पंधरा वर्षं मिळाली तर याच कर्जाचा हप्ता, साडेआठ टक्के व्याज धरलं तर, 43 हजारांवरून 48,800 वर जातो. शिवाय सोसायटीच्या उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, पाच वर्षांतून एकदा आणि तिशीनंतर तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. तुमच्या सोसायटीनं ते शेवटचं कधी केलं? माझ्या अनुभवात दहातल्या सात सोसायट्यांचे सेक्रेटरी यावर 'बघतो' म्हणतात. बँकेनं मागितलं आणि अहवाल नाही म्हटल्यावर फाइल कपाटात जाते.

त्या पहिल्या पार्टीला फोन करा. लाजू नका. लोन कुठल्या टप्प्यावर अडलं, टेक्निकलला (घराची पाहणी आणि मूल्यांकन) की लीगलला (कागदांची तपासणी), एवढंच विचारा. व्यवहार मोडल्यावर लोक खरं सांगतात, त्यांना आता काही गमवायचं नसतं.

लीगलला अडलं असेल तर कागद काढून बसा. मूळ बिल्डरशी झालेला रजिस्टर्ड करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा उतारा), त्यावेळची स्टॅम्पची पावती, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. बाबांनी बिल्डरकडून थेट घेतला असेल तर मालकीची चेन छोटी आहे, हे बरं. मधे कोणी मालक असेल तर त्याचाही मूळ करार लागेल. करारात क्षेत्रफळ बिल्टअप, म्हणजे भिंती धरून, लिहिलेलं असणार, बहुधा 670 च्या आसपास, आणि तुम्ही 560 कार्पेट सांगताय. दोन्ही बरोबर असू शकतं, पण जाहिरातीत एका एजंटनं 670 टाकलं असेल तर मोजायला आलेला माणूस तुम्हाला खोटं समजतो. बाल्कनी आत घेतली आहे का? नव्वदच्या दशकातल्या डोंबिवलीत ती न घेतलेलं घर मला शोधावं लागेल. व्हॅल्युअर मंजूर नकाशाशी ताडून ते क्षेत्रफळ वगळतो, आणि आकडा आणखी खाली येतो.

ओसीबद्दल दोन वाक्यं जास्त लिहितो, कारण इथला बाजार त्यावर फिरलाय. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची (बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी मिळवलेल्या 65 इमारतींचं प्रकरण तुम्ही पुण्यात वाचलं असेल. नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयानं त्या पाडायला सांगितल्या. कर्ज काढून घेतलेल्या घरांवर अशी वेळ आली म्हटल्यावर त्यानंतर माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक हॉल-किचन विचारायच्या आधी ओसी विचारतं. तुमच्या जुन्या सोसायटीकडे स्वच्छ ओसी असेल तर तो आज लिफ्टपेक्षा मोठा माल आहे, आणि माझी खात्री आहे की पाचपैकी एकाही एजंटनं तो जाहिरातीत लिहिलेला नाही. नसेल, तर तेही आत्ताच कळू दे. मग गिऱ्हाईक वेगळं, किंमत वेगळी.

बाबा सही करायला डोंबिवलीला येऊ शकतात ना? कुलमुखत्यारपत्रावर व्यवहार होतो, पण बँकेचा वकील त्यावर दहा प्रश्न काढतो. दोन वेळा ट्रेननं आणून सही करून घेतलेली बरी. आणि करारात आईचंही नाव असेल तर तिचीही सही लागेल. हे टोकन घेतल्यावर आठवणारे मालक मी पाहिलेत.

आता दुसरी पार्टी, जिच्या 'घरच्यांना पसंत पडलं नाही'. घर पसंत करून बोलणीला बसलेल्या माणसाच्या घरच्यांना अचानक काय खटकलं? बहुतेक वेळा दुसऱ्या भेटीला आई-वडील आलेले असतात. काही वर्षांपूर्वी ठाकुर्लीच्या चोळेगाव भागात अशाच एका तिसऱ्या मजल्याचा व्यवहार मी जवळपास पक्का केला होता. मुलगा-सून खूष. दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील आले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठड्याला टेकले, पाणी मागितलं, प्यायले, आणि वर न येता म्हणाले, छान आहे हो घर. मी किल्ली खिशात परत टाकली.

बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये पहिला मजला सोन्याचा, दुसरा चांदीचा, तळमजल्याला ओल आणि डास, आणि तिसऱ्याला गुडघे. त्यातून तुमचा शेवटचा मजला, म्हणजे गच्चीची गळतीही तुमचीच. गच्चीवर पत्र्याची शेड आहे का? असेल तर तिचा फोटो जाहिरातीत पहिल्या तीनात टाका. नसेल तर पावसाळ्यात छताला आलेला डाग हाच तुमचा खरा जाहिरातदार आहे. जिना बदलता येत नाही, पण जिन्याला चालणारं गिऱ्हाईक वेगळं काढता येतं. सासू-सासरे गावी असलेलं जोडपं, कॉलेजची मुलं असलेलं पंचेचाळिशीच्या आतलं घर, स्टेशन चालत हवं म्हणून लिफ्टवर पाणी सोडणारी माणसं. टिळकनगरहून स्टेशनला पायी जाता येतं, सकाळी रिक्षाच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. लोकलवाल्या माणसाला याची किंमत कळते. म्हणून फोनवरच सांगायचं : तिसरा मजला, लिफ्ट नाही, स्टेशनला चालत. ज्याला नको तो फोनवरच गळू दे. जिना लपवून आणलेले तीस जण काय कामाचे?

मालकांना न पटणारी एक गोष्ट इथेच सांगतो. तुमची स्पर्धा शेजारच्या बिल्डिंगमधल्या रीसेल फ्लॅटशी नाही, खंबाळपाड्याच्या किंवा कल्याण-शीळ रस्त्यावरच्या नव्या टॉवरशी आहे. नव्या टॉवरमध्ये घर लांब, कार्पेट लहान, मेंटेनन्स जास्त, बांधकाम चालू असेल तर वर 5 टक्के जीएसटी, तरीही माणूस तिकडे जातो. कारण बिल्डरकडे प्रकल्पाला बँक आधीच जोडलेली असते, पैसे स्लॅबप्रमाणे, म्हणजे बांधकाम होईल तसे, द्यायचे असतात, कधी स्टॅम्प ड्युटी 'आमच्याकडून' असते. पहिल्या दिवशी खिशातून कमी जातं. तुमच्या घराला एकरकमी जास्त लागतं, एवढाच फरक. तुम्ही ती रक्कम कमी करू शकलात तर स्टेशनच्या जवळिकीला पुन्हा भाव येतो.

सोसायटीत रीडेव्हलपमेंटची चर्चा चालू असेलच. तिशीच्या कुठल्या बिल्डिंगमध्ये नाही? त्याचं काय करायचं ते नीट ठरवा. पाचपैकी कोणीतरी एजंट 'रीडेव्हलपमेंटला जाणार आहे, मोठा फ्लॅट मिळेल' सांगून 72 चं समर्थन करत असणार. ठराव, बिल्डरची नेमणूक, करार यांतलं काही कागदावर नसेल तर ते बोलणं बंद करा. राहायला घर शोधणाऱ्याला त्यातून एवढंच ऐकू येतं की दोन वर्षांत पुन्हा भाड्यानं जायचंय, आणि बँकेलाही ते ऐकायला आवडत नाही.

आता शुकशुकाट. त्यातला काही भाग पावसाचा आहे. शाळा सुरू झाल्या की घर बदलणारे थांबतात, पितृपक्षात तर टोकन कोणी देत नाही. पण मोठं कारण वेगळं आहे, आणि ते आमच्या धंद्याचं गुपित म्हणा. फ्लॅट नवा बाजारात येतो तेव्हा एजंट आपल्याकडची थांबलेली गिऱ्हाइकं घेऊन येतात. तुमचे तीस जण तेच होते. ते संपले की फ्लॅट शिळा होतो. मग तो 'दाखवायचा फ्लॅट' बनतो. गिऱ्हाइकाला आधी तुमचा दाखवायचा, तीन मजले चढवायचे, 72 सांगायचे, आणि मग पलीकडचा पहिल्या मजल्यावरचा 66 वाला दाखवायचा. तो लगेच स्वस्त वाटतो. तुमच्या शेवटच्या काही भेटी अशा होत्या का, ते किल्ली ज्यांच्याकडे ठेवली आहे त्यांना विचारा. दहा मिनिटांत उतरलेली माणसं घर घ्यायला आलेली नसतात.

किल्लीवाल्या शेजाऱ्यांना आणखी एक विचारा, हळूच. ते बघायला आलेल्यांशी काय बोलतात? पाणी सकाळी किती वेळ येतं, वरच्या टाकीचं भांडण, सेक्रेटरीचा स्वभाव, सगळं प्रेमानं सांगितलं जातं. शेजारच्या काकूंनी मोडलेले व्यवहार मोजायला माझ्या हाताची बोटं पुरणार नाहीत.

पाच एजंट म्हणजे पाच किमती. स्वतः मोबाइलवर शोधून बघा : एकाकडे 72, एकाकडे 75, एकाकडे 70 'निगोशिएबल', आणि त्याच हॉलचे तेच अंधारे फोटो. गिऱ्हाईकही हे शोधतं. त्याला वाटतं, एवढ्या जणांकडे पडून आहे म्हणजे काहीतरी भानगड आहे. सगळ्या जाहिराती काढायला लावा. महिनाभर बाजारातून गायब व्हा. मग एकाच एजंटला साठ दिवसांसाठी द्या.

त्या महिन्यात तीन कामं करा. पहिलं, बँकेच्या पॅनलवरच्या व्हॅल्युअरला फी देऊन फ्लॅटचं मूल्यांकन करून घ्या. दुसरं, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये तुमच्या भागातले गेल्या वर्षभरातले करारनामे बघा. जाहिरातीतले आकडे ही मागणी असते, इंडेक्स टू मधला आकडा हा झालेला व्यवहार. क्षेत्रफळ बिल्टअप आहे की कार्पेट ते पाहून भाव काढा, आणि तुमच्यासारखे, लिफ्ट नसलेले, वरच्या मजल्यावरचे व्यवहार वेगळे ठेवा. 72 हा आकडा कुठून आला ते मी विचारत नाही. पुण्यात काय घ्यायचंय त्यावरून आला असेल किंवा कोणाच्या तरी गप्पांतून. माझ्या हातात फक्त तुमचं वर्णन आहे, पण व्हॅल्युएशनपेक्षा दोन-तीन लाखांहून जास्त वर ठेवू नका. आणि त्यातले काही रोखीत मागत असाल (तुम्ही लिहिलेलं नाही, पण नऊ महिने अडलेल्या घरात मी हे हमखास विचारतो) तर तो विषय बंद करा. करार कमी किमतीचा झाला की कर्जही कमी होतं. शिवाय घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

उतरवताना जीव तुटत असेल तर हे बघा : 64 लाख साडेसहा टक्क्यांनी ठेवीत असते तर महिन्याला साधारण 34 हजार आले असते. नऊ महिन्यांचे तीन लाखांच्या वर. त्यात मेंटेनन्स आणि घरपट्टी धरलेली नाही.

तिसरं काम घराचं, आणि ते छोटं आहे. किचन-बाथरूमला हात लावू नका. नवा मालक आला की पहिलं तेच फोडतो. छताची गळती मुळापासून बंद करा, डागावर नुसता रंग मारू नका, जाणकार माणूस नखानं खरवडून बघतो. पांढरा रंग, गळके नळ, आणि दिवे. वीज चालू ठेवा. नोकरदार माणूस घर बघतो संध्याकाळी साडेआठला, लोकलनं उतरून, आणि बंद घराच्या कुबट हवेत एका पिवळ्या बल्बखाली कोणाला संसार दिसत नाही. आठवड्यातून दोनदा खिडक्या उघडणारं कोणीतरी ठेवा. देव्हारा आणि भिंतीवरचे फोटो आता पुण्याला घेऊन जा.

पितृपक्ष संपला की नव्या किमतीनं, नव्या फोटोंनी, कागदांची फाइल तयार ठेवून दसऱ्याच्या तोंडावर बाजारात या. भेटी होऊन बोलणी झाली नाहीत तर जिना आड येतोय असं समजा. बोलणी होऊन मोडली तर पुन्हा बँकेत विचारा.

आणि जाहिरात परत टाकण्याआधी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे टाकलंत का? तुमच्याच बिल्डिंगमध्ये किंवा गल्लीत कोणाचा मुलगा लग्नाला आलेला असतो, कोणी वर्षानुवर्षं भाड्यानं राहत असतं. त्यांना जिना माहीत आहे, पाणी माहीत आहे, काकूही माहीत आहेत. गेल्या काही वर्षांत बिनलिफ्टचे वरचे मजले मी विकलेत, त्यातले निम्म्याहून जास्त त्याच बिल्डिंगच्या शंभर पावलांच्या आत गेले.